डॉक्टर चिनी, पुस्तक इंग्रजी

इंग्रजी न येणारा डॉक्टर ही कल्पना आपल्याकडे जरा चमत्कारिकच वाटते. आपला वैद्यकाचा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला असला, तरी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक त्याच्या हाती पडते ते इंग्रजीच. पुढे आयुष्यभर तो रुग्णाशी मराठीत बोलतो आणि कागदावर इंग्रजीत लिहितो. चीनमध्ये असे नाही. तेथे वैद्यकाचे शिक्षण मुख्यत्वे चिनी भाषेतूनच होते. ग्रंथ चिनी, परीक्षा चिनी, रुग्णाची टिपणेही चिनी. अशा रीतीने तयार झालेला पन्नाशीचा निष्णात शल्यविशारद जेव्हा एखादा नवा इंग्रजी निबंध वाचावयास बसतो, किंवा तिकडची एखादी अनुभवी परिचारिका नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात वा इंग्लंडात जाते, तेव्हा एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. विषय संपूर्ण माहीत आणि शब्द अनोळखी! आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांची अवस्था बहुधा याच्या नेमकी उलट असते. पण ते असो.

कोणी म्हणेल, मग शब्दकोश घ्यावा आणि शब्द पाठ करावेत, त्यात एवढे काय? वैद्यकीय इंग्रजी म्हटले की लांबलचक, जीभ अडखळविणारे ग्रीक-लॅटिन शब्द आपल्या डोळ्यांसमोर येतात आणि अडचण तेथेच असणार असे आपण गृहीत धरतो. माझे मत असे की, चिनी वाचकाची खरी अडचण त्या लांब शब्दांत फारशी नाही. ती आहे आखूड, साध्या, शाळेत शिकलेल्या शब्दांत. लांब शब्द अडला तर तो अडल्याचे कळते आणि माणूस कोश उघडतो. साधा शब्द अडत नाही. तो समजल्यासारखा वाटतो आणि पुढे निघून जातो. आणि इस्पितळात हे ‘समजल्यासारखे वाटणे’ फार महागात पडू शकते.

आधी लांब शब्दांची गोष्ट सांगतो, कारण ती मोठी मनोरंजक आहे. चिनी भाषेत वैद्यकाचे शब्द अर्थाने घडविलेले असतात. न्यूमोनियाला चिनी माणूस ‘फेइ-येन’ म्हणतो. ‘फेइ’ म्हणजे फुप्फुस आणि ‘येन’ म्हणजे दाह. हे ‘येन’ लिहिण्याचे चिन्हही पाहण्यासारखे आहे: अग्नीचे चिन्ह एकावर एक असे दोनदा काढले की ‘येन’ झाले. यकृताचा दाह ‘गान-येन’, मूत्रपिंडाचा ‘शन-येन’, जठराचा ‘वेइ-येन’. मधुमेह म्हणजे ‘थांग-न्याओ-बिंग’, शब्दशः साखर-लघवी-रोग. मोतीबिंदूला ते ‘पांढरा आतला अडथळा’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. थोडक्यात, शाळा शिकलेल्या कोणत्याही चिनी माणसाला आपल्या रोगाचे नाव ऐकताच रोग कोठे आहे व साधारण कसा आहे ते कळते. इंग्रज रोग्याला ‘नेफ्रायटिस’ ऐकून काहीच कळत नाही. डॉक्टरच्या चेहऱ्यावरून काय कळेल तेवढेच!

शिवाय चिनी लिपीत दृष्टीलाही आधार असतो. यकृत, फुप्फुस, जठर, आतडे, मेंदू या सर्वांच्या चिन्हांत एक समान खूण असते. ती मुळात ‘मांस’ या अर्थाची असून दिसावयास मात्र चंद्राच्या चिन्हासारखी आहे. रोगांच्या नावांसाठी दुसरी एक खूण आहे. अपरिचित चिन्ह समोर आले तरी ती खूण पाहून वाचक ओळखतो की हा शरीराचा भाग आहे, किंवा हे काहीतरी दुखणे आहे.

ही शब्दसृष्टी काही आपोआप उगवलेली नाही. बेंजामिन हॉब्सन या इंग्रज मिशनरी डॉक्टराने १८५१ मध्ये कँटनला शरीरशास्त्रावरील ग्रंथ चिनी भाषेत प्रसिद्ध केला आणि १८५८ मध्ये शांघायला इंग्रजी-चिनी वैद्यकीय शब्दसंग्रह काढला. पुढे १९०८ मध्ये फिलिप कौसलंड यांचा मोठा कोश आला. काही शब्द जपानच्या वाटेने आले. मज्जातंतूसाठी आज चीनमध्ये रूढ असलेला शब्द मूळचा जपानी विद्वानांचा. १७७४ साली एका डच शरीररचनाग्रंथाचे भाषांतर करताना त्यांनी तो घडविला. मध्यंतरी, म्हणजे १९२१ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात, शिक्षणाचे माध्यम सरळ इंग्रजीच होते. १९४९ नंतर चिनी माध्यम सर्वत्र आले, परकीय भाषा म्हणून काही वर्षे रशियनचा बोलबाला झाला, आणि १९७८ नंतरच्या काळात इंग्रजीने पुन्हा जोर धरला. तैवानात मात्र चित्र वेगळे आहे. तेथील डॉक्टर चिनी बोलतात, पण रुग्णाची टिपणे इंग्रजीत लिहिण्याचा प्रघात तेथे दीर्घकाळ चालत आलेला आहे. म्हणजे तैवानी डॉक्टर या बाबतीत पुण्या-मुंबईच्या डॉक्टराचाच भाऊ म्हणावयाचा.

उलट दिशेने हाच प्रवास केलेला एक मराठी माणूस आपल्याला ठाऊकच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. मुंबईत इंग्रजीतून वैद्यक शिकलेल्या या तरुणाने तेथे चिनी भाषा आत्मसात केली, तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकविले आणि बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले. १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागाविषयी आपण बरेच बोलतो. त्यांनी केलेल्या भाषेच्या अभ्यासाविषयी मात्र अगदी थोडे.

आता इंग्रजीकडे वळू. मूत्रपिंडाला चिनीत एकच शब्द, ‘शन’. दुखणे असो, शस्त्रक्रिया असो वा तपासणी, सर्वत्र ‘शन’. इंग्रजीत मात्र त्याच अवयवाचे तीन अवतार आहेत. रोग्याशी बोलताना ‘किडनी’, ते निकामी झाले की ‘रीनल फेल्युअर’, त्याला सूज आली की ‘नेफ्रायटिस’. पहिला घरचा, दुसरा लॅटिनचा, तिसरा ग्रीकांचा. हृदयाचेही तसेच: ‘हार्ट’ आणि ‘कार्डिॲक’. फुप्फुसाचे ‘लंग’, ‘पल्मनरी’ आणि ‘न्यूमोनिया’. ही तीन घराणी एकमेकांशी चेहऱ्याने मुळीच मिळत नाहीत. परंतु चांगला शिक्षक मिळाला तर चिनी विद्यार्थी यातून लवकर पार पडतो, कारण ‘आयटिस’ हा प्रत्यय म्हणजे तुझा ‘येन’, एवढे सांगितले की काम झाले. ‘हेपटो’ म्हणजे यकृत, त्याला ‘आयटिस’ जोडा. ‘गॅस्ट्रो’ म्हणजे जठर, त्याला जोडा. तुकडे जोडून शब्द घडविण्याची सवय त्याला जन्मापासूनच असते. ग्रीक धातू त्याला लिपीतील खुणांसारखेच वाटू लागतात. या बाबतीत तो सामान्य इंग्रज विद्यार्थ्याच्या पुढे असतो असे म्हटले तरी चालेल.

जाता जाता एक गंमत. कर्करोगाचा चिनी शब्दही पूर्वी उच्चाराने ‘येन’ असाच होता. चिन्ह निराळे, उच्चार तोच. त्यामुळे जठराचा साधा दाह आणि जठराचा कर्करोग हे दोन्ही ऐकावयास सारखेच! विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रमाण भाषेत कर्करोगाच्या शब्दाचा उच्चार बदलून ‘आय’ असा ठरविण्यात आला. रोग्याच्या काळजाचा ठोका चुकू नये म्हणून भाषेने उच्चार बदलल्याचे असे उदाहरण विरळाच.

खरी परीक्षा येते ती आखूड शब्दांपाशी. ‘फास्ट’ हा शब्द शाळेत ‘जलद’ या अर्थाने शिकलेला असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचनेत ‘मध्यरात्रीपासून फास्ट’ असे येते, तेथे तो उपास असतो. ‘टेंडर’ म्हणजे कोमल हे कवितेत ठीक. पोटाच्या तपासणीत ‘टेंडर’ म्हणजे दाबले असता दुखणारे. ‘डिस्चार्ज’ म्हणजे रोग्याला घरी सोडणे आणि जखमेतून वाहणारा पूही. ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती नव्हे, जंतूंची वाढ करून पाहणे. परिचारिकांच्या भाषेतील ‘होल्ड’ हा शब्द तर सर्वांत फसवा. नाडी साठाच्या खाली असेल तर डिजॉक्सिन ‘होल्ड’ करा, अशी सूचना असते. तिचा अर्थ ते औषध देऊ नका, थांबवा. ‘होल्ड’ म्हणजे हातात धरणे एवढेच शिकलेल्या नव्या परिचारिकेला त्या ठिकाणी काय करावे हे कसे कळावे?

क्रियापद आणि शेपटीसारखा चिकटलेला लहानसा शब्द मिळून होणारे प्रयोग ही इंग्रजीची खास खोड. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे आणि ‘पास अवे’ म्हणजे मरणे. दोहोंत ‘पास’ आहे आणि ‘पास’ तर परीक्षेतही होतात! ‘थ्रो अप’ म्हणजे ओकारी होणे, ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे, ‘वेअर ऑफ’ म्हणजे औषधाचा अंमल उतरणे. हे शब्द वैद्यकीय कोशात सहसा नसतात, कारण ते वैद्यकीय नव्हेतच. रोगी मात्र हेच बोलतो. तो काही ग्रीकमध्ये कण्हत नाही.

याउलट काही ठिकाणी, जेथे आपल्याला विचित्र वाटेल तेथे चिनी वाचक मुळीच अडखळत नाही. रोगी धूम्रपान ‘नाकारतो’ असे इंग्रजी टिपणांत लिहितात. आपल्याला वाटते, याच्यावर कोणी आरोप केला होता काय? चिनी टिपणांतही नेमके हेच क्रियापद वापरतात. आणि चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, ‘निगेटिव्ह’ आली, यासाठी चिनी भाषेने आपले प्राचीन तत्त्वज्ञानच कामाला लावले आहे. पॉझिटिव्ह म्हणजे ‘यांग’ स्वभावाची, निगेटिव्ह म्हणजे ‘यिन’ स्वभावाची.

वाक्यरचनेपाशी मराठी वाचकाला चिनी डॉक्टरविषयी विशेष सहानुभूती वाटावी. ‘काल तापामुळे दाखल झालेला रुग्ण’ असे आपण म्हणतो. विशेषण आधी, नाम शेवटी. चिनी भाषेतही हाच क्रम: काल, तापामुळे, दाखल झालेला, रुग्ण. इंग्रज मात्र आधी ‘रुग्ण’ म्हणून मोकळा होतो आणि मग त्याच्या मागे ‘जो काल तापामुळे दाखल झाला’ हे शेपूट लावतो. शेपूट लांबले की मुख्य क्रियापद कोठल्या कोठे जाते. ‘ज्या रुग्णाला पुरळ येण्यापूर्वी तीन दिवस पेनिसिलिन दिले होते त्याला हलविण्यात आले’ हे वाक्य इंग्रजीत ज्या क्रमाने येते त्यात ‘पुरळ आले’ आणि ‘हलविण्यात आले’ ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी येऊन उभी राहतात. डोळे भरभर फिरविणारा वाचक पुरळालाच हलवून टाकतो.

काळाचेही तसेच. चिनी क्रियापदाला आपल्यासारखी काळाची रूपे नाहीत. ‘काल’, ‘आधीच’ अशा शब्दांनी व काही अव्ययांनी काम भागते. त्यामुळे रोगी ते औषध ‘घेत असे’, ‘घेत होता’, की ‘आजवर घेत आला आहे’, हा इंग्रजीतील बारीक फरक नजरेतून निसटतो. शेवटच्या वाक्याचा अर्थ औषध अजून चालू आहे असा होतो, आणि नवे औषध त्यावर द्यावे की नाही हे त्यावरच अवलंबून असते. अनेकवचन नामाला सहसा लागत नाही. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’ यांत एका ‘अ’चा फरक, रक्तस्राव जवळजवळ नव्हता, की थोडा होता, हे त्या एका अक्षरावर ठरते. बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांना चिनीत एकच उच्चार, ‘था’. पाळी बदलताना शेजारच्या खाटांवरील दोन रोग्यांची माहिती सांगणारी परिचारिका ‘ही’ आणि ‘शी’ यांची अदलाबदल करते ती अज्ञानाने नव्हे. तिच्या कानाला तो भेद कधी शिकविलेलाच नसतो.

‘मे’ हा शब्द मी मुद्दाम वेगळा काढला आहे. ‘रुग्ण चालू शकणार नाही असा संभव आहे’ आणि ‘रुग्णाने चालू नये’ हे दोन्ही अर्थ ‘द पेशंट मे नॉट वॉक’ या एकाच वाक्यातून निघू शकतात. चिनीत संभवाला वेगळा शब्द आहे आणि परवानगीला वेगळा. मराठीतही आपण दोन निरनिराळी वाक्ये करतो. येथे दोष वाचकाचा नसून इंग्रजीचा आहे, आणि तो तसा स्पष्टपणे विद्यार्थ्यांना सांगितला पाहिजे. आमच्या इंग्रजीच्या तासाला इंग्रजीचा दोष सहसा कोणी सांगत नाही!

आणखी एक सापळा नकारार्थी प्रश्नाचा. ‘तुम्ही सकाळपासून काही खाल्ले नाही ना?’ असे विचारल्यावर आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे ‘हो, नाही खाल्ले’. चिनी माणूसही तसेच म्हणतो. इंग्रजीत मात्र तेथे ‘नो’ म्हणावे लागते. ‘येस’ म्हटले तर खाल्ले असा अर्थ. भूल देण्यापूर्वीचा हा प्रश्न आहे, आणि पोट भरलेले असताना भूल दिली तर काय होऊ शकते हे सांगावयास नको. म्हणून जाणते लोक प्रश्नच बदलतात: ‘शेवटचे केव्हा खाल्ले?’ त्याला हो-नाही उत्तर देताच येत नाही.

आकड्यांची कथाही आपल्या ओळखीची आहे. इंग्रजी मोजते हजारांनी आणि मग एकदम दशलक्षांनी. आपले एकक लाख. चिनी माणसाचे एकक ‘वान’, म्हणजे दहा हजार. चीनमध्ये पेनिसिलिनची ८० वान युनिटांची कुपी प्रचलित आहे; आपल्या हिशेबाने आठ लाख, इंग्रजाच्या हिशेबाने आठशे हजार. डेंग्यूच्या दिवसांत आपल्या घरोघरी ‘प्लेटलेट दीड लाख’ ही भाषा चालते. तीच संख्या चिनी घरात ‘पंधरा वान’ असते. मनातल्या मनात हे रूपांतर करताना एखादे शून्य इकडचे तिकडे होणे किती सोपे आहे! अशा वेळी आकडा शब्दांत न सांगता अंकांत लिहून दाखविणे हाच शहाणपणा.

आता शब्द किती लागतात, याचाही अभ्यास झालेला आहे. कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजावयाचा तर त्यातील शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द माहीत असावे लागतात, असे हू आणि नेशन यांनी २००० मध्ये दाखविले. म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी शब्द परवडतो. मग कोणते शब्द आधी शिकावेत? यावर तीन चिनी अभ्यासकांनी २००८ मध्ये मोठे उपयुक्त काम केले. वैद्यकीय संशोधनपर निबंधांतील दहा लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर तपासून त्यांनी ६२३ शब्दकुटुंबांची यादी तयार केली. ही यादी केवळ रोगांच्या नावांची नव्हे; संशोधनाचा कोणताही निबंध ज्या शब्दांवर उभा असतो ते नेहमीचे शब्द तीत येतात. परदेशी पंडितांनी कोणासाठी तरी काढलेल्या यादीपेक्षा, ज्यांना अडते त्यांनीच काढलेली यादी अधिक कामाची असते, हे यावरून दिसते.

मात्र यादी पाठ झाली म्हणजे वाचन आले असे नाही. चीनमध्ये १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची राष्ट्रव्यापी परीक्षा सुरू झाली. उतारा वाचा आणि चार पर्यायांतून एक निवडा, ही पद्धत तीत रुजली. या पद्धतीत न समजताही चारांतून एक बरोबर येऊ शकतो, आणि ‘मला समजले नाही’ हा पाचवा पर्याय कधीच नसतो. खाटेपाशी मात्र तोच पर्याय सर्वांत मोलाचा. मला त्यापेक्षा ऑस्ट्रेलियात सुरू झालेली आरोग्यव्यवसायांची इंग्रजी परीक्षा बरी वाटते. तिच्या वाचनाच्या पहिल्या भागात एकाच विषयावरचे चार लहान मजकूर देतात, आणि पंधरा मिनिटांत त्यांतून नेमकी माहिती हुडकावयाची असते. हे प्रत्यक्ष कामाच्या जवळचे आहे. त्याहूनही साधा उपाय वर्गात करता येतो. विद्यार्थ्याने सूचना वाचावी, पुस्तक मिटावे, आणि ‘कोणाला, काय, किती, केव्हा, कोणत्या अटीवर’ एवढे आपल्या मातृभाषेत सांगावे. ‘अनलेस’ आणि ‘अन्टिल’ कोणाला कळले नाहीत ते तेथल्या तेथे उघडे पडते.

या सगळ्या खटाटोपाचे मोल किती, याची दोन उदाहरणे. हिवतापावरील छिंगहाओसू हे औषध तू योयो यांच्या गटाने १९७२ च्या सुमारास शोधले. त्याची दिशा त्यांना एका प्राचीन चिनी वैद्यकग्रंथातून मिळाली होती. वनस्पती उकळावयाची नसून पाण्यात भिजवून पिळावयाची, हा तपशील त्यांनी बारकाईने वाचला, आणि उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे ताडले. वाचनाकलन म्हणतात ते हेच! पण चिनी भाषेत निबंध आला १९७७ मध्ये आणि इंग्रजीत १९७९ मध्ये. नोबेल पारितोषिक तर २०१५ मध्ये. त्या मानाने २०२० चा जानेवारी पाहा. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचा वृत्तांत २४ जानेवारीलाच ‘लॅन्सेट’मध्ये इंग्रजीत छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. तो चिनी डॉक्टरांनीच लिहिला होता.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. पारंपरिक चिनी वैद्यकातील ‘शन’ म्हणजे केवळ मूत्रपिंड नव्हे. वाढ, प्रजनन, हाडांचे बळ अशा अनेक गोष्टी त्या कल्पनेत सामावलेल्या आहेत. वैद्याने ‘शन-शू’, म्हणजे शन क्षीण झाले आहे, असे सांगितलेला रोगी लंडनच्या दवाखान्यात जाऊन ‘माझी किडनी अशक्त आहे’ असे म्हणतो, आणि इंग्रज डॉक्टर दचकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अशा पारंपरिक संज्ञांचा प्रमाण इंग्रजी संग्रह काढला. काही भाषांतरकार या अर्थाची किडनी लिहिताना पहिले अक्षर मोठे काढतात, म्हणजे साधी किडनी वेगळी ओळखू यावी. बोलताना ते मोठे अक्षर ऐकू येत नाही. तेव्हा तेथे चिनी जाणणारी परिचारिका हजर असेल, तर ती रोग्याला एवढेच विचारते की हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि लघवी-रक्त तपासून सांगितले की नाडी पाहून.